समाजशास्त्रात नेट, पीएचडी, प्राध्यापकी: नाशिकच्या पोरांचे अर्ज नेमके कुठे अडकतात

शहर आणि पर्यावरण या अंगाने समाजशास्त्रात पुढे जायचंय म्हणून विचारणारे नाशकात आता बरेच भेटतात, आणि का नाही भेटणार, 2027 चा सिंहस्थ, तपोवनातल्या झाडांवरून पेटलेला वाद, गोदापात्रातलं काँक्रीट, पाऊस कमी झाला की गंगापूरचं पाणी जायकवाडीला सोडण्यावरून होणारं भांडण, विषय सगळे दारातच पडलेत. मी स्वतः तासिकेवर शिकवते आणि ओळखीच्या पोरापोरींचे फॉर्म बघून देते. अभ्यासात कमी पडून गेलेले थोडे, कागदात गेलेले जास्त.

पहिला घोळ विषयाचा. नेटमध्ये, म्हणजे कॉलेजात शिकवायला आणि पीएचडीला लागणाऱ्या देशपातळीवरच्या पात्रता परीक्षेत, 'पर्यावरण समाजशास्त्र' असा वेगळा विषयच नाही. समाजशास्त्र, कोड 05, हाच भरायचा. त्याच्या दहा युनिटमधलं चौथं ग्रामीण-नागरी बदलांवर आणि सातवं पर्यावरण आणि समाज यावर आहे, आपलं घर तिथे. एकाने उत्साहात 89 भरला, तो पर्यावरण विज्ञानाचा, पेपर उघडल्यावर रडायची वेळ आली. एमएसडब्ल्यूवाल्यांचा सोशल वर्क पण वेगळा विषय आहे, पुढे समाजशास्त्राच्या जागेला अर्ज केला की छाननीत एमए कशात आणि नेट कशात हे बघतातच.

परीक्षेचं काही अवघड नाही: एनटीए ही केंद्राची परीक्षा यंत्रणा घेते, जून आणि डिसेंबर, 150 प्रश्न, 300 मार्क, 3 तास, निगेटिव्ह मार्किंग नाही. सेट, म्हणजे राज्य पातळीवरची तशीच परीक्षा, पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते.

आता एमएला लागणारे 55 टक्के. 54.9 म्हणजे 55 नाही, राउंड ऑफ होत नाही, कितीही हात जोडा. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्के मनाने काढू नका, विद्यापीठाच्या सूत्राने काढा आणि तसं पत्र घेऊन ठेवा. एससी, एसटी, दिव्यांग, तृतीयपंथी आणि नॉन क्रिमीलेअर ओबीसी यांना 50 चालतात. ईडब्ल्यूएसला ही सूट नाही, फक्त फी कमी, हे दरवर्षी कोणीतरी चुकीचं वाचतंच. एमएच्या शेवटच्या वर्षाला असाल तरी फॉर्म भरता येतो, पण नेटचा निकाल लागल्यापासून दोन वर्षांत तेवढ्या टक्क्यांनी एमए पूर्ण झालं पाहिजे, आणि बॅकलॉगवाले नेमके इथेच घसरतात.

सगळ्यात जास्त डोकेदुखी जातीच्या दाखल्याची. नेटला केंद्र सरकारची जातींची यादी लागते, राज्याची नाही. आपल्याकडे एनटी (भटक्या जमाती), व्हीजे (विमुक्त जाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असलेल्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसीत येतात, पण सगळ्या नाही, म्हणून केंद्राच्या यादीत स्वतःच्या जातीचं नाव आधी डोळ्यांनी बघा. मराठ्यांचा एसईबीसी हा राज्याचा प्रवर्ग केंद्रात चालत नाही, तिथे जनरल, नाहीतर अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस. आणि दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच हवा, तो वेगळा मागावा लागतो. सेतूवर नुसतं 'नॉन क्रिमीलेअर पाहिजे' म्हटलं की राज्याचा हातात पडतो आणि चूक कळेपर्यंत मुदत गेलेली असते. वैधता पण बघा, 31 मार्चला संपलेला दाखला घेऊन एप्रिलमध्ये फिरणारे मी पाहिलेत.

लग्न झालेल्या मुलींनो, क्रिमीलेअर आईवडिलांवरून ठरतं, नवऱ्याच्या पगारावरून नाही. मला स्वतःला एका खिडकीवर सासरचे उत्पन्नाचे कागद आणायला लावले होते, दोन चकरा, एक सुट्टी, आणि शेवटी लागले माहेरचेच. नाव बदललं असेल तर गॅझेट आधी करून घ्या. आधार, मार्कशीट आणि फॉर्म यांत आडनाव पुढे की मागे एवढ्यावरूनसुद्धा त्रास होतो.

पुढे प्राध्यापकाच्या राखीव जागेला जात वैधता लागते आणि तिथे असा कागद मागतात जो बहुतेक घरात नसतोच. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा जातीचा पुरावा, व्हीजेएनटीला 21 नोव्हेंबर 1961, एससीला 10 ऑगस्ट 1950, एसटीला 6 सप्टेंबर 1950. आजोबा शाळेतच गेले नाहीत तर दाखला आणायचा कुठून? मग गावच्या शाळेतला जनरल रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुक, गाव नमुना 14 मधली जन्ममृत्यूची नोंद शोधा, पणजोबांच्या भावाची सापडली तरी वंशावळ जोडून उपयोग होतो. सुरगाणा-पेठकडच्या पोरांना सांगते, जाहिरातीची वाट बघू नका, हे काम महिन्यांचं आहे.

पीएचडीचं. जून 2024 पासून नेटच्या निकालात तीन गट झालेत: पहिला जेआरएफ (संशोधन करताना महिन्याला पैसे देणारी फेलोशिप), दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, तिसरा फक्त पीएचडी. सहायक प्राध्यापकाची पात्रता कायम राहते, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात पीएचडी प्रवेशासाठीचे नेटचे मार्क एकच वर्ष चालतात, आणि 'नेट झालंय ना, बघू निवांत' म्हणणारे इथेच मार खातात. त्या प्रवेशात 70 टक्के वजन नेटच्या मार्कांना, 30 मुलाखतीला. जेआरएफला वय 30, मुलींना 5 वर्षं सूट, पैसे सध्या महिना 37,000.

आणि नंबर लागूनही गाईड मिळेलच असं नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरकडे 8, असोसिएटकडे 6, असिस्टंटकडे 4 विद्यार्थी, संपलं. त्यात शहर-पर्यावरणात रस असलेले किती, ते तुम्हीच शोधून बघा. म्हणून टॉपिक पक्का करायच्या आधी आपल्याला हव्या त्या संशोधन केंद्रावर कोणाकडे जागा रिकामी आहे ते विचारा, फोन उचलत नसतील तर सरळ जाऊन बसा.