दाबलेल्या मज्जारज्जूतून संदेश पोहोचतो का?

शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळू लागतात, चालताना पाय आखडतात आणि अंधारात तोल जातो. पन्नाशी उलटलेली माणसे ही लक्षणे ‘आता वय झाले’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढतात. प्रत्यक्षात मानेच्या झिजलेल्या मणक्यांनी, सरकलेल्या चकतीने किंवा जाड झालेल्या अस्थिबंधाने मज्जारज्जू दाबला गेल्याची ती खूण असू शकते.

हा दाब एमआरआयमध्ये दिसतो. मात्र तिथे दिसतो तो रज्जूचा आकार, त्याचे काम नव्हे. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही दाब आढळू शकतो. म्हणून रज्जूतून संदेश नीट जातो का, हे वेगळे तपासावे लागते. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेला विजेचे सौम्य झटके दिले, की निरोगी प्रौढ माणसात त्यांचा पडसाद मेंदूच्या पृष्ठभागावर सुमारे ३७ मिलिसेकंदांत उमटतो, तर मनगटापासून हाच प्रवास सुमारे २० मिलिसेकंदांचा असतो. हा पडसाद इतका क्षीण असतो की मेंदूच्या स्वतःच्या विद्युत लहरींत तो हरवून जातो. त्यामुळे शेकडो झटक्यांची सरासरी काढली, तेव्हाच तो वर येतो. रज्जू दाबलेला असेल, तर हा पडसाद उशिरा येतो, खुजा होतो किंवा येतच नाही. मेंदूकडून स्नायूकडे जाणारा मार्ग तपासण्यासाठी डोक्यावर चुंबकीय स्पंद देतात. ही पद्धत १९८५मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर या संदेशांचे मोल सर्वाधिक असते, असे मला वाटते. पूर्वी पाठीच्या कण्यावरील काही मोठ्या शस्त्रक्रियांत मधेच भूल हलकी करून रुग्णाला “पाय हलवा” असे सांगावे लागे. फ्रान्समधील स्टान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये वर्णिलेली ही चाचणी केवळ त्या एका क्षणाची स्थिती सांगत असे. आता तंत्रज्ञ पडद्यावरच्या रेषा वारंवार ताज्या करत असतो. संवेदनेच्या लहरीची, म्हणजे वर सांगितलेल्या पडसादाची, उंची सुरुवातीच्या तुलनेत निम्म्याने घटली किंवा तिला लागणारा वेळ १० टक्क्यांनी वाढला, की तो इशारा देतो. शल्यविशारद हात थांबवून शेवटची कृती तपासतात, तर भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतात आणि भुलेच्या मात्रेमुळे किंवा शरीराचे तापमान उतरल्यामुळे तर हे घडले नाही ना, याची खात्री करतात. संवेदना मुख्यतः रज्जूच्या मागील भागातून जाते आणि हालचालीचे मार्ग पुढच्या व बाजूच्या भागात असतात, शिवाय दोन्हींचा रक्तपुरवठा वेगळा असतो. म्हणून संवेदनेची रेषा शाबूत असतानाही पाय लुळे पडू शकतात. हे टाळायचे, तर दोन्ही मार्गांवर लक्ष हवे. मग स्नायू शिथिल करणारी औषधे हात राखून द्यावी लागतात, कारण हालचालीचा संदेश पोहोचला की नाही हे स्नायूच्या प्रतिसादावरूनच कळते.

दाब काढताच टेबलावरच लहर उंचावली, तर ते शुभचिन्ह असते, पण पूर्ण बरे होण्याची ती हमी नव्हे. शस्त्रक्रियेचा पहिला हेतू पुढचे नुकसान रोखणे हा असतो, कारण मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. रुग्ण चांगला चालू लागल्यावरही संदेशाचा वेग मंदच राहिल्याचे आढळू शकते. म्हणून यंत्रावरील आकड्यांच्या जोडीला एक साधी कसोटीही वापरली जाते. रुग्णाला १० सेकंदांत मूठ शक्य तितक्या वेळा पूर्ण मिटायला आणि उघडायला सांगतात. निरोगी हात हे २० किंवा अधिक वेळा करतो. शस्त्रक्रियेआधीचा आकडा नोंदवलेला असेल, तर नंतरच्या प्रत्येक भेटीत सुधारणा मोजता येते.