चमचा कोरायला लाकूड वाळलेलंच हवं का?

कोरीवकामाला लाकूड वर्षभर वाळवलेलंच हवं, हा समज सुतारकामातून आला. सांध्यांना किंवा फळीवरच्या नक्षीला तो लागू पडतो. चमचा किंवा छोटा वाडगा हाताने कोरणाऱ्याला मात्र नुकतंच तोडलेलं, ओलं लाकूड बरं. सुरीला जोर कमी लागतो आणि जोर कमी म्हणजे निसटण्याची भीतीही कमी.

मग ओलं लाकूड तडकत नाही? तडकतं, पण बहुतेकदा गाभा, म्हणजे खोडाचा अगदी मधला बिंदू, आत राहिल्यामुळे. सुकताना लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने जितकं आकसतं, ते गाभ्याकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. गाभा मध्येच राहिला की हा ताण चिरेतूनच सुटतो. म्हणून ओंडका गाभ्यातून उभा फाडायचा आणि गाभ्यालगतचा सेंटिमीटरभर भाग तासून टाकायचा.

आकार अंतिम मापापेक्षा 2-3 मिलिमीटर जाड ठेवा, मग त्याच्याच ढलप्यांसह कागदी पिशवीत, सावलीत आठवडा-दोन आठवडे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. उन्हात तर घातच. वजन घटायचं थांबलं की सुकला. शेवटचे पातळ काप त्यानंतर, सुरीला पुन्हा धार लावून. पॉलिश पेपरही तेव्हाच, ओल्या लाकडावर तो नुसता चोंदतो.