ओजिब्वेत मान 'तू'चा

कॅनडातल्या ओंटारिओ, मॅनिटोबापासून अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनपर्यंत, महासरोवरांच्या आसपास ओजिब्वे भाषा बोलली जाते. तिचं तिथलं नाव अनिशिनाबेमोविन. सर्वनामांचा पहिला धडा मराठी माणसाला सोपा जातो. नीन म्हणजे मी, गीन म्हणजे तू, वीन म्हणजे तो किंवा ती. पुढे इंग्रजीतून शिकणारे अडखळतात, कारण 'वी'साठी दोन शब्द आहेत: नीनविंद आणि गीनविंद. आपल्याला त्यात नवल नाही. पहिला 'आम्ही', दुसरा 'आपण'. हिंदीवाल्यांना 'हम'वर भागवावं लागतं. मराठीत हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला असं सहसा मानलं जातं. आणि गीनविंदच्या सुरुवातीला गीन आहे, हे लक्षात घ्या. समोरचा माणूस 'आपण'मध्ये येतो, म्हणून शब्द त्याच्यापासून सुरू होतो.

आता 'झोपणे' घेऊ. निबा म्हणजे तो किंवा ती झोपते. निनिबा, मी झोपतो. गिनिबा, तू झोपतोस. निनिबामिन, आम्ही झोपतो. गिनिबामिन, आपण झोपतो. गिनिबाम, तुम्ही झोपता. निबावग, ते झोपतात. क्रियापदाआधीचा नि किंवा गि सर्वनामाचं काम करतो, त्यामुळे नीन, गीन हे सुटे शब्द जोर द्यायचा असेल तेव्हाच लागतात. आपणही 'जेवलास का?' म्हणताना 'तू' गाळतोच. झोपणारा बाई की बाप्या, हे मात्र ओजिब्वे क्रियापद विचारत नाही.

खरी गंमत दोन माणसं आली की सुरू होते. वाबम हा 'एखाद्याला पाहणे' याचा धातू.

निवाबमा: मी त्याला पाहतो.
निवाबमिग: तो मला पाहतो.

दोन्हीकडे आधी 'मी'चा नि आहे. पाहणारा कोण, हे शेवटच्या आ किंवा इग वरून कळतं. मराठीत आपण 'ला' लावून पाहिला गेला तो कोण हे दाखवतो. इथे माणसांच्या जागा ठरलेल्या आणि क्रियेची दिशा तेवढी उलटते. मी आणि 'तो' यांच्यात मी वरचढ. मग मी आणि तू आमनेसामने आले तर?

गिवाबमिन: मी तुला पाहतो.
गिवाबम: तू मला पाहतोस.

दोन्हीकडे गि! पाहणारा मी असलो तरी सुरुवातीची जागा 'तू'ची. तू, मग मी, मग बाकीचे, अशी ही उतरंड ओजिब्वेच्या अल्गाँकियन भाषाकुळातल्या क्री वगैरे इतर भाषांतही दिसते. यावरून 'किती नम्र समाज' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. मराठीत टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' आहे म्हणून आपण फर्निचरबद्दल काही वेगळा विचार करत नाही. ओजिब्वेतही नामांचे सजीव आणि निर्जीव असे वर्ग आहेत, त्यात रास्पबेरी सजीव, स्ट्रॉबेरी निर्जीव. वर्ग बदलला की क्रियापदही बदलतं: स्ट्रॉबेरी पाहिली तर निवाबमा चालत नाही, निवाबंदान म्हणावं लागतं.

प्रत्ययांची अशी शिस्त पाहून पाणिनी आठवला तर ते अगदीच अस्थानी नाही. पूर्वेकडच्या ओजिब्वेचं व्याकरण लिहिणारे लेनर्ड ब्लूमफील्ड पाणिनीचे मोठे चाहते होते. ते व्याकरण त्यांच्या निधनानंतर १९५८ मध्ये छापलं गेलं.

नवशिक्याला नि-गिची सवय होते न होते तोच ते गायबही होतात. 'जर मी झोपलो तर' यातला पहिला भाग गीश्पिन निबायान. इथे 'मी' शेपटाला गेला, यान मध्ये. म्हणून क्रियापदांचे दोन तक्ते पाठ करावे लागतात, एक मुख्य वाक्यासाठी, एक 'जर'सारख्या गौण वाक्यासाठी. मिनेसोटा विद्यापीठाच्या ऑनलाइन ओजिब्वे कोशात शब्द शोधताना नि, गि काढून टाकावेत, कारण 'झोपणे'सारखी अकर्मक क्रियापदं तिथे 'तो/ती'च्या रूपात दिलेली असतात. 'झोपणे' हवं असेल तर निबा शोधायचं. बऱ्याच शब्दांना भाषकांच्या आवाजातले उच्चारही जोडलेले आहेत; आखूड आणि लांब स्वरांतला फरक तिथेच कानाला बसतो.