वितरण रोहित्र (डीपी)

११ किंवा २२ केव्हीच्या उच्चदाब वाहिनीवरची वीज ४३३ व्होल्टवर उतरवून घरांना आणि शेतीपंपांना देणारे, खांबांवर बसवलेले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात त्याला सर्रास डीपी म्हणतात. दोन खांबांमधल्या लोखंडी चॅनेलवर ते बसते. वरच्या बाजूला एबी स्विच (रोहित्र वाहिनीपासून तोडणारा), लाइटनिंग अरेस्टर (आकाशातल्या विजेपासून वाचवणारा) व तीन डीओ फ्यूज (उडाल्यावर खाली लोंबणारे), खाली किटकॅट फ्यूजची (तार बदलता येणाऱ्या फ्यूजची) पेटी.

१०० केव्हीए क्षमतेच्या रोहित्राचा पूर्ण भार लघुदाब (४३३ व्होल्टच्या) बाजूला सुमारे १३३ अँपिअर भरतो. पाच अश्वशक्तीचा पंप दर फेजला सात-साडेसात अँपिअर घेतो. म्हणजे १७-१८ पंपांतच रोहित्र भरले. खरा घात मात्र पंप सुरू होताना होतो. थेट सुरू होणारी मोटर क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि ऑटोस्विच असले की वीज येताच सगळे पंप एकदम उठतात. फ्यूज उडतो. मग कुणीतरी त्या जागी अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचे चार पदर पिळून घालतो. फ्यूज टिकतो, पण रोहित्रातले वाइंडिंग (तारेची वेटोळी) तापत राहते, त्यावरचा कागद करपतो आणि ऐन रब्बीत रोहित्र जळते. ऑटोस्विच काढणे, प्रत्येक पंपाला कपॅसिटर (ओढला जाणारा प्रवाह कमी करणारा) बसवणे आणि योग्य मापाचीच फ्यूजतार घालणे, हे उपाय स्वस्त आहेत. भार न घटवता नुसते रोहित्र बदलले, तर दुसरेही जळते.

तेल वाइंडिंगला थंड ठेवते आणि विद्युतरोधकाचेही काम करते. गळती किंवा चोरीने पातळी उतरली, की वरचा भाग उघडा पडतो. ब्रीदरमधली (आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डबीतली) निळी सिलिका जेल गुलाबी झाली, तर ती ओलाव्याने भरली असे समजावे; ती बदलली नाही तर पाणी तेलात उतरते. वापरातले तेल २.५ मिलिमीटर अंतरावर किमान ३० केव्ही दाब सोसणारे हवे.

अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते, म्हणून खड्ड्यात पाणी घालावे लागते. न्यूट्रल (परतीची तार) तुटला तर मात्र सिंगल फेजच्या घरांत दाब तीनशे व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. टीव्ही, फ्रिज, बल्ब एकाच वेळी जातात.

दुरुस्तीआधी लघुदाब बाजूचा भार प्रथम काढतात, कारण एबी स्विच भार तोडण्यासाठी बनवलेला नाही. चालू भारावर ओढला तर ठिणगीची कमान पेटते. त्यानंतर स्विच उघडून कुलूप, डीओ खाली, आणि डिस्चार्ज रॉडने तिन्ही फेज जमिनीला जोडल्यावरच वायरमन वर चढतो.