समतोल

परस्परविरुद्ध भार, ओढी किंवा दावे एकमेकांना पेलून धरतात आणि त्यांपैकी कोणताही एक संपूर्ण रचना आपल्याकडे ओढून पाडू शकत नाही, अशा स्थितीला समतोल किंवा संतुलन म्हणतात. वजन करणे या अर्थाच्या ‘तुल्’ या संस्कृत धातूपासून हे शब्द आले आहेत. मराठीत तोल जातो, पारडे जड होते, माणूस तोलूनमापून बोलतो. हे सारे तराजूच्याच घरचे. समतोल म्हणजे दोन्हीकडे सारखे, हा सर्वांत रूढ गैरसमजही बहुधा तराजूच्या चित्रातूनच आला असावा.

लांब दांड्याचा झाडू दोन हातांच्या एकेका बोटावर आडवा ठेवून बोटे हळूहळू जवळ आणली, तर ती कोठूनही निघोत, झाडूच्या गुरुत्वमध्याखालीच एकमेकांना भेटतात. ज्या बोटावर भार अधिक तेथे घर्षण अधिक, म्हणून ते अडते आणि दुसरे सरकते. मग सरकणाऱ्यावर भार वाढतो आणि पाळी उलटते. आता झाडू नेमका त्या जागी कापला, तर दोन तुकडे सारख्या वजनाचे भरत नाहीत; कुंच्याकडचा आखूड तुकडा जड असतो. तेथे बरोबरी असते ती वजनांची नव्हे, तर वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराची. तरफेच्या या नियमाची सिद्धता आर्किमिडीजने इ. स. पू. तिसऱ्या शतकात मांडली.

शरीराचा समतोल तर कधी स्थिर नसतोच. निश्चल उभा दिसणारा माणूसही सतत किंचित झुलत असतो. आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या लगतची इंद्रिये, डोळे आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना यांच्या आधारे मेंदू हा झोल क्षणोक्षणी सावरतो. एका पायावर उभे राहून डोळे मिटले की यांतला एक साक्षीदार गेल्याचे लगेच कळते. रक्तातील साखर, शरीराचे तापमान इत्यादींच्या अशाच अखंड सावरण्याला वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1926 मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले.

आचरणातील समतोलाचा विचार अनेक परंपरांनी केला आहे. गीतेने समत्वालाच योग म्हटले (2.48). वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर ती वाजण्याजोगी राहत नाही, हा दृष्टांत बुद्धाने अतिकठोर साधना करणाऱ्या सोण या भिक्षूला दिला. ॲरिस्टॉटलच्या मते धैर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मध्ये असते. पण हा मध्य अंकगणिती नाही, असे त्याने बजावले. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे, म्हणून प्रशिक्षक सर्वांना सहा माप देत नाही. मायलो या विख्यात मल्लाला ते अपुरे पडेल, नवशिक्याला अति होईल. काम आणि विश्रांती यांना घड्याळ लावून समसमान तास वाटून देण्याच्या सल्ल्यात नेमके हेच निसटते.

विचारातही तसेच आहे. दोन पक्षांना सारखा वेळ दिला की चर्चा समतोल झाली, असे मानणारा पुराव्याचे वजन करीतच नाही. भरभक्कम पुरावा असलेले मत आणि निव्वळ शंका यांना एकाच उंचीवर बसवणे हा समतोलाचा आभास होय.

कलेत झाडूचा नियम डोळ्यांना दिसतो. चित्राच्या कडेजवळचा लहानसा गडद ठिपका मध्याजवळच्या मोठ्या फिक्या आकाराला तोलून धरू शकतो. दोन्ही अंगे हुबेहूब सारखी असणे हा समतोलाचा सोपा आणि बराचसा निर्जीव प्रकार आहे. अलेक्झांडर काल्डर या मूळच्या अभियंत्याने तारा आणि पत्र्यांची, वाऱ्याच्या झुळकीने फिरणारी टांगती शिल्पे घडवली. त्याच्या हलत्या शिल्पांना ‘मोबाइल’ हे नाव मार्सेल द्युशाँ या कलावंताने 1931 मध्ये सुचवले. अशा टांगत्या रचनेची जुळणी सर्वांत खालच्या दांडीपासून करणे सोयीचे, कारण वरच्या प्रत्येक दांडीचा तोलबिंदू खाली एकूण किती भार लोंबतो यावर ठरतो.

वस्तूंशी असलेल्या नात्याचा तोल बिघडतो तो बहुधा एकेका वस्तूने. फ्रेंच लेखक देनी दीदरो याने आपल्या नव्या उंची झग्याविषयी लिहिले आहे: त्याच्या शेजारी खोलीतले जुने सामान ओंगळ दिसू लागले, एकेक वस्तू बदलावी लागली, आणि जुन्या झग्याचा मालक असलेला तो नव्याचा गुलाम झाला. या साखळीला ग्रँट मॅक्रॅकन या मानववंशशास्त्रज्ञाने 1988 मध्ये ‘दीदरो परिणाम’ म्हटले. उलट दिशेनेही ओढ असतेच: जवळ असलेली वस्तू केवळ आपली आहे म्हणून अधिक मोलाची वाटते, हे रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने 1980 मध्ये नोंदवले. योगसूत्रांतील पाच यमांत, म्हणजे आचरणाच्या संयमांत, अपरिग्रह (संग्रह न करणे) शेवटचा आहे. जैन परंपरेने तो दोन मापांनी सांगितला: साधूला संपूर्ण त्याग, तर गृहस्थाला परिग्रह-परिमाण, म्हणजे किती बाळगायचे याची मर्यादा. ती त्याने स्वतः आखायची असते.