ब्रायटनच्या हवेतला वास

१८२३ साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रात साखळ्यांवर तोललेला एक लांबलचक धक्का उभा राहिला. बांधला तो बोटींसाठी, पण थोड्याच काळात बडे लोक पैसे मोजून तिथे नुसते फिरायला येऊ लागले. नवी टोपी, नवा झगा, लग्नाच्या वयाची मुलगी, सगळं चारचौघांच्या नजरेस पडावं अशी ती जागा.

या हौसेचं मूळ मात्र वैद्यकात होतं. समुद्राच्या पाण्यात डुंबावं आणि ते प्यावंही, असं डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली लिहिलं आणि कोळ्यांच्या या गावाकडे श्रीमंत रुग्णांची रीघ लागली. १७८३ मध्ये खुद्द युवराज आले, तेच पुढचे राजे चौथे जॉर्ज. पुढे राजे झाल्यावर त्यांना मालिश करायला होते आपल्या पाटण्याचे शेख दीन महंमद! अंग चांपण्याच्या कलेला तिकडे ‘शाम्पू’ म्हणत. केसांचा शाम्पू फार नंतरचा.

पाण्यामागोमाग हवेची पाळी आली. स्वित्झर्लंडमधल्या बासेलचे रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी १८३९ मध्ये ओझोन हा वायू ओळखला आणि वासासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. तो तपासायची त्यांची युक्ती मला फार आवडते. स्टार्च आणि पोटॅशियम आयोडाइड लावलेली कागदाची पट्टी हवेत टांगायची. ओझोन आयोडीन मोकळं करतो आणि ते स्टार्चला भिडलं की पट्टी निळी होते. डोळ्यांना न दिसणारी हवा अशी कागदावर उमटायची. किनाऱ्यावरचा तो खारट, उग्र वास म्हणजेच ओझोन आणि तो तब्येतीला चांगला, असं लोक धरून चालले आणि छाती भरभरून श्वास घेऊ लागले.

पण तो वास ओझोनचा नव्हताच. समुद्रातली शैवालं पेशींमध्ये गंधकाचं एक संयुग साठवतात. जिवाणू ते फोडतात, तेव्हा डायमिथाइल सल्फाइड हा वायू सुटतो. किनाऱ्याच्या वासात मोठा वाटा त्याचा. ओझोन तर श्वासातून जास्त गेला तर फुप्फुसांना त्रासच देतो. फिरणाऱ्यांना बरं वाटायचं ते खोटं नव्हे. लंडनचा कोळशाचा धूर मागे राहिलेला असायचा, हे कारण मला पुरेसं वाटतं.

आणि डायमिथाइल सल्फाइड हा वायू तसा साधासुधा नाही. हवेत त्याचे सल्फेटचे कण बनतात, त्यांच्याभोवती बाष्प जमून ढगांचे थेंब तयार होतात. भर समुद्रात पेट्रेलसारखे पक्षी याच वासाच्या मागावर अन्नापर्यंत पोहोचतात.