आयआरएनएसएस-१ए : घड्याळापाशी अडलेला उपग्रह

प्रवासी वाहतुकीची नवी गाडी कोल्हापूरच्या आरटीओत पासिंगला नेली की ट्रॅकर आणि पॅनिक बटण आहे का ते बघतात. १ एप्रिल २०१९ पासून अशा गाड्यांच्या ट्रॅकरमध्ये उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी भारताची स्वतःची ‘नाविक’ यंत्रणा आली. ड्रायव्हर मात्र त्या डबीला ‘जीपीएस’च म्हणतात, आणि ते काही फारसं चुकत नाहीत. डबी जीपीएसचेही सिग्नल घेतेच. नाविकला अजून असा टेकू का लागतो, हे कळायला तिचा पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, बघायला हवा.

नाविकच्या जन्माची गोष्ट निघाली की कारगिलचा दाखला हमखास येतो : ऐन युद्धात अमेरिकेने जीपीएसची माहिती नाकारली. त्या गोष्टीवर विसंबायचीही गरज नाही. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी जीपीएसचा सिग्नल मुद्दामच ढोबळ ठेवत होती, आणि ते सगळ्या जगाला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या सिग्नलच्या भरवशावर आपलं सैन्य ठेवायचं नसेल, तर स्वतःचे उपग्रह हवेत. २००६ मध्ये केंद्राने सात उपग्रहांच्या, १,४२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. पल्ला भारत आणि भोवतालचे सुमारे १,५०० किलोमीटर एवढाच, म्हणून तिचं मूळ नाव ‘भारतीय प्रादेशिक दिशादर्शन उपग्रह प्रणाली’, इंग्रजी आद्याक्षरांत आयआरएनएसएस.

१ जुलै २०१३ च्या रात्री इस्रोच्या पीएसएलव्ही-सी२२ रॉकेटने १,४२५ किलोचा आयआरएनएसएस-१ए वर नेला. त्याची जागा ५५ अंश पूर्व रेखांशावर, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर. कोल्हापुरातून पाहिलं तर पश्चिमेला, गगनबावड्याच्या अंगाला. कक्षा तिरपी असल्याने तो तिथे एका जागी थांबत नाही, दिवसभरात उत्तर-दक्षिण असा इंग्रजी आठचा आकडा काढतो. सिग्नल दोन वारंवारितांवर, एल-५ आणि एस. वाटेतल्या आयनोस्फिअरमध्ये, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, दोन्ही वेगवेगळे रेंगाळतात आणि त्या फरकावरून चूक वजा करता येते. आपल्या अक्षांशांवर ही डोकेदुखी जास्त. सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमध्ये प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) ‘बुडबुडे’ उठतात आणि सिग्नल थरथरतो. शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून भूचुंबकत्व संस्थेच्या कॅमेऱ्याने याच बुडबुड्यांची छायाचित्रं घेतली गेली आहेत.

पण १ए ला आयनोस्फिअरने नव्हे, घड्याळाने दगा दिला. उपग्रह फक्त एवढंच सांगतो : ‘मी अमुक ठिकाणी, वेळ अमुक.’ सिग्नल पोचायला किती वेळ लागला त्यावरून रिसीव्हर अंतर काढतो. सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला तरी ३०० मीटरचा घोळ. बिंदू चौकातली रिक्षा भवानी मंडपाकडे सरकलेली दिसायची. म्हणून उपग्रहावर रुबिडियमची तीन अणुघड्याळं ठेवली होती, एक चालतं आणि दोन राखीव. ती स्वित्झर्लंडची. २०१६ मध्ये एकामागून एक तिन्ही बंद पडली. उपग्रह बाकी ठणठणीत, पण स्थान सांगायला निकामी. युरोपच्या गॅलिलिओवरही त्याच कंपनीची घड्याळं बंद पडली, एवढंच काय ते समाधान.

बदली उपग्रह १एच ३१ ऑगस्ट २०१७ ला निघाला, पण रॉकेटचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही आणि तो आतल्या आत कोंडला. पुढे १आय एप्रिल २०१८ मध्ये नीट पोचला. स्वदेशी रुबिडियम घड्याळ आणि मोबाइल सहज पकडू शकतील असा एल-१ सिग्नल यायला मात्र मे २०२३ चा नव्या पिढीचा उपग्रह एनव्हीएस-०१ उजाडला. घड्याळ अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने बनवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पातली खरी मिळकत हीच, आणि ती दहा वर्षं उशिरा पदरात पडली.

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ गेला. श्रीहरिकोट्याचं ते शंभरावं उड्डाण. उपग्रहाची एक झडप उघडली नाही आणि तो लंबवर्तुळाकार कक्षेतच अडकला. त्या जुलैमध्ये सरकारने संसदेत सांगितलं, सोडलेल्या ११ पैकी ४ उपग्रह स्थान सांगण्याचं काम करत आहेत. ठिकाण काढायला लागतात तेवढेच तेव्हा उरले होते, राखीव एकही नव्हता.